अंगठ्याचे पंचवीस टक्के

सूर्य उगवला की इथलं इंजिन सुरू होतं आणि मावळला की थांबतं. साल १८७९, ताडदेवच्या बाजूची एक कापडगिरणी. विजेचा दिवा अजून या खात्यात आलेला नाही, म्हणून पाळी केवढी ते ऋतू ठरवतो. ज्येष्ठात तेरा तासांच्या वर, मार्गशीर्षात अकराच्या आसपास. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा कुणी अडवलं नाही. मागच्या काळात तुम्ही कुणाला दिसतच नाही. पाहता येईल, ऐकता येईल, वास येईल. हात घालून काही थांबवता मात्र येणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते जड जाणार आहे.

खिडक्या बंद आहेत. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून ती दमट ठेवायची. दोन श्वासांतच कापसाची धूळ घशात बसते. इंजिनघरातल्या अजस्र चाकाची शक्ती छतालगतच्या लोखंडी दांड्यात येते, दांडा खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो, त्याच्यावरच्या कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरतात, प्रत्येक साच्याला एक. पट्ट्याला जाळी नाही. दातेरी चाकांवर झाकण नाही. दोन साच्यांमधल्या वाटेत समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं, आणि अंग चोरायचं म्हणजे चाकांकडेच सरकायचं.

वाका आणि साच्यावरची पाटी वाचा. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव आहे. लँकेशायरमधल्या गिरण्यांत याच कारखान्याचे साचे चालतात, पण तिथे १८४४ च्या कायद्याने चाकांना कुंपण घालणं मालकावर बंधनकारक आहे, आणि कुंपण आहे की नाही हे पाहायला सरकारी निरीक्षक त्याहून आधी, १८३३ पासून फिरताहेत. साचा बोटीने मुंबईत आला, कायदा आला नाही.

साच्याखाली एक पोरगा सरपटत शिरला आहे. सात वर्षांचा असेल, कदाचित त्याहून लहान. फिरत्या चाकांखाली साठलेला कापूस तो हाताने ओढून काढतो आहे. साचा थांबवला तर सूत थांबेल, म्हणून सफाई चालत्या साच्याखालीच होते. त्याची आई पलीकडच्या खात्यात आहे. त्याला बाहेर ओढावंसं वाटतंय ना? तुमचा हात त्याच्या खांद्याला लागत नाही.

दुपारी तेलवाल्याच्या बाहीचं टोक पट्ट्यात जातं. किंकाळी तुम्हाला ऐकू येत नाही, या खात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसतं. शेजारची माणसं धावायला लागतात तेव्हा कळतं. एकेक साचा थांबवायला त्याचा पट्टा मोकळ्या कप्पीवर सरकवला की झालं, पण छताचा दांडा थांबवायचा तर इंजिनच बंद करावं लागतं. इंजिनघर भिंतीपलीकडे आहे. कुणीतरी पळत निरोप घेऊन जातं. तोवर दांडा फिरत राहतो.

त्याला जे. जे. इस्पितळात नेतील. जगला तर एक हात घेऊन बोटीने रत्नागिरीकडे जाईल आणि भावाच्या शेतावर ओझं होऊन राहील. मुकादम संध्याकाळच्या आत त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करील. गिरणी पगार महिन्याने देते, तोही पुढच्या महिन्यात कधीतरी. आजचा त्याचा दिवस भरला की नाही यावर हिशेबनीस आणि मुकादम यांच्यात दोन शब्द होतील. आणि मग काहीही होणार नाही. ही घटना कुणाला कळवायला गिरणी बांधील नाही, कुठल्या वहीत लिहायला बांधील नाही. म्हणूनच या शहरात त्या वर्षी किती हात गेले ते आज कुणालाही सांगता येत नाही.

असं नाही की कुणी पाहिलंच नव्हतं. मुंबई सरकारच्या कापूस खात्यातल्या मेजर मूर यांनी चारपाच वर्षांपूर्वीच गिरण्यांमधल्या हालांबद्दल लिहिलं होतं. १८७५ मध्ये सरकारने आयोग नेमला. आयोगात गिरणीमालकांचं वजन होतं. अध्यक्ष आर्बथनॉट आणि डॉक्टर ब्लेनी एवढे दोघेच कायदा हवा म्हणाले, बाकीच्यांना त्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बेंगाली या पारशी गृहस्थांनी स्वतः विधेयकाचा मसुदा करून खटपट केली, तो मसुदा दाद लागू न देता बाजूला ठेवला गेला.

विलायतेत मात्र लँकेशायरचे मालक मुंबईला कायदा लावा म्हणून ओरडत होते, आणि त्यांचा जीव मुंबईच्या पोरांसाठी तुटत नव्हता. स्वस्त सूत त्यांचा बाजार खात होतं. आपल्याकडच्या देशाभिमानी वर्तमानपत्रांनी हे ओळखलं आणि कायद्याला विरोध केला. त्या विरोधामागची चीड मला समजते. पण साच्याखालचा पोरगा या वादात कुणाच्याच हिशेबात नव्हता. कुंपण कुणाच्या मत्सरामुळे बसलं यावर त्याचे हात वाचणं अवलंबून नव्हतं. कुंपण बसलं पाहिजे होतं.

दोन वर्षं पुढे या. १ जुलै १८८१, हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा आजपासून लागू. सात वर्षांखालचं मूल कामाला ठेवायचं नाही. सात ते बाराच्या मुलांना नऊ तास, मध्ये तासाची सुटी, महिन्याला चार दिवस रजा. चालत्या यंत्राखाली मुलांकडून सफाई नाही. धोक्याच्या यंत्राला कुंपण. अपघात झाला तर कळवायचा. तुमच्या मनात थोडा दिलासा उतरत असेल. उतरू द्या, पण दारावर उभे राहून माणसं मोजा, कारण कायदा तेवढंच मोजतो. यंत्रशक्तीवर चालणारा, शंभर किंवा जास्त माणसं असलेला आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणारा, तोच कारखाना. नव्व्याण्णव माणसांच्या ठिकाणी पट्टा तसाच उघडा राहू शकतो. प्रौढ बायका आणि पुरुषांच्या तासांबद्दल तर एक शब्दही नाही.

तपासायचं कुणी? जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांनी, त्यांच्या शंभर कामांतून वेळ काढून. पुढच्या वर्षी मीड किंग नावाचे विलायतेतले जाणते निरीक्षक काही महिन्यांसाठी उसने आणले जातात. ते गिरण्या पाहतात, सुधारणा सुचवतात आणि परत जातात.

आता परळला चला. २३ सप्टेंबर १८८४, सुपारीबाग. गर्दीतून पुढे सरका. बोलणारा माणूस छत्तिशीचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता, ‘दीनबंधु’चा संपादक, आणि गिरणीत भांडारप्रमुखाचं काम केलेला, खात्यात काय चालतं ते त्याला ऐकून माहीत नाही, डोळ्यांनी माहीत आहे. मुंबई सरकारने कारखाना कायद्यावर दुसरा आयोग नेमला आहे आणि त्या आयोगापुढे गिरणीमालक आपलं म्हणणं मांडणार हे उघड आहे. मजुरांचं कोण मांडणार, म्हणून ही सभा. तीन दिवसांनी पुन्हा सभा होईल आणि साडेपाच हजार मजुरांच्या नावाने अर्ज आयोगाकडे जाईल.

मागण्या वाचल्या जातात त्या नीट ऐका. रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि शेवटी पाचवी: काम करताना गंभीर दुखापत होऊन मजुराला काही दिवस काम करता आलं नाही, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य ती सोय व्हावी.

ताडदेवचा तेलवाला आठवतो? हे वाक्य त्याच्यासाठी आहे. इथे दयेची याचना नाही, इस्पितळासाठी वर्गणी नाही. अंग कामावर मोडलं तर त्याचा भार कामानेच उचलावा, एवढं सरळ मागणं आहे आणि ते मुंबईच्या मजुरांनी स्वतःच्या बुद्धीने मांडलं आहे. इंग्लंडमधल्या मजुरांना नुकसानभरपाईचा कायदा मिळायला अजून तेरा वर्षं आहेत. पहिल्या चार मागण्यांचा इतिहास आपण अधूनमधून आठवतो, रविवारच्या सुटीबद्दल लोखंड्यांचं नावही घेतो. पाचवी मागणी मात्र शाळेच्या पुस्तकातही फारशी भेटत नाही. मला तीच सगळ्यात मोठी वाटते.

याच आयोगापुढे जळगावहून एक साक्ष येते. ती ऐकायच्या ऐवजी तिथेच जाऊ. खानदेश, कापसाचा हंगाम, पहाटेचे तीन. जिनच्या फाटकाबाहेर बायका आणि पुरुष अंधारात बसून आहेत. फाटक चारला उघडतं. उशीर नको म्हणून तीनलाच आले. रात्री दहा वाजता सुटतील. अठरा तासांचे तीन किंवा चार आणे. आत जिनांची रांग आहे. बायका ओट्यावर बसून कापूस यंत्राच्या तोंडात सारतात, एका बाजूने रुई निघते, खाली सरकी पडते. धुळीत दिव्याभोवती पिवळं वर्तुळ तेवढं दिसतं. संध्याकाळनंतर त्या बायकांकडे पाहू नका म्हणावंसं वाटतं, पण पाहा. डोळे मिटलेले आहेत आणि हात चालू आहेत. साक्षीदाराने आयोगाला सांगितलं की गर्दीच्या दिवसांत तीच माणसं सलग आठ दिवस रात्रंदिवस राबवली जातात, अगदी थकली की नवी घेतली जातात, आणि असे तास करणारी माणसं वारंवार मरतात. हे जिन चालवणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाने सांगितलं आहे.

इथे १८८१ चा कायदा लागू आहे का? हंगाम चार महिन्यांत उरकला तर तो कारखानाच नव्हे.

मधली वर्षं वेगाने ओलांडू. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार मजूर जमतात आणि दोन बायका उठून सभेत बोलतात. १० जूनला मालक रविवारची सुटी कबूल करतात. १८९१ च्या दुरुस्तीने कारखाना ठरण्याचा माणसांचा उंबरठा शंभरावरून पन्नासावर येतो, मुलाचं किमान वय नऊ होतं, बायकांचा दिवस अकरा तासांचा. १८९७ च्या फेब्रुवारीत लोखंडे प्लेगात जातात. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटात तिथल्या कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा मंजूर होतो. १९२२ मध्ये आपला उंबरठा विसावर येतो.

आणि मग १ जुलै १९२४. सुपारीबागेतल्या त्या सभेला चाळीस वर्षं होत आली आहेत. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आजपासून लागू होतो आहे. कचेरीतल्या टेबलावर कायद्याचं पुस्तक पडलंय, पहिलं परिशिष्ट उघडा. तक्ता आहे. डाव्या बाजूला शरीराचे भाग, उजव्या बाजूला कमाईची किती टक्के ताकद गेली ते. उजवा हात कोपरापासून किंवा त्यावर: ७०. डावा हात तिथूनच: ६०. पाय गुडघ्यावर: ६०. कायमचा बहिरेपणा: ५०. एक डोळा: ३०. अंगठा: २५. तर्जनी: १०. बाकीचं कुठलंही बोट: ५.

हात टेबलावर ठेवा आणि तक्ता पुन्हा वाचा. महिना तीस रुपये मिळवणारा कामगार धरा. पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार, वर मर्यादा साडेतीन हजारांची. म्हणजे १२६० रुपये. त्याच्या पंचवीस टक्के, अंगठ्याचे ३१५ रुपये, एकदाच. तर्जनीचे १२६. करंगळीचे ६३. हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला संताप आला होता. नंतर लक्षात आलं की याच्या आधी तिथे शून्य होतं. अंगठ्याला किंमत लागली म्हणजे तो तोडणं मालकाला पहिल्यांदा खर्चात पडलं. जाळी बसवायला काही रुपये लागतात. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.

पण पाचवी मागणी पुरी झाली असं समजू नका. बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. कायद्याने दिला साधारण निम्मा, तोही पहिले दहा दिवस सोडून. शिवाय एक पळवाट तिथेच छापलेली आहे: कामगाराने सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली किंवा दुर्लक्षली असेल तर मालक जबाबदार नाही. जाळी लावून उत्पादन पुरं होत नसेल आणि मुकादम मागे उभा असेल, तर जाळी कुणी काढली म्हणायचं? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ज्याचा हात गेलाय त्याच्या विरुद्ध लिहिलं जातं.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कारखाना कायदा १ एप्रिल १९४९ पासून आला. उंबरठा दहावर. कलम २१: धोक्याच्या प्रत्येक भागाला भक्कम कुंपण, आणि यंत्र चालू असताना ते जागेवरच राहिलं पाहिजे. कलम २२: चालत्या यंत्राजवळ तपासणी, तेलपाणी करायचं तर फक्त प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून. घट्ट कपडे. सत्तर वर्षांपूर्वीची ती बाही अखेर कायद्याच्या भाषेत पोचली. १९४८ च्याच कामगार राज्य विमा कायद्याने जन्माच्या अधूपणाला दरमहा आयुष्यभर रक्कम देण्याची वाट केली. चरितार्थाची सोय, जवळजवळ त्याच अर्थाने. तात्पुरत्या अपंगत्वाला आज विमेदार कामगाराला पगाराच्या नव्वद टक्के मिळतात. पूर्ण अजूनही नाही.

पुढचं गाव भोपाळ. वायुगळतीच्या त्या भयंकर रात्रीला जायचं नाही. तीन वर्षं आधीच उतरा, १९८१ च्या डिसेंबरात. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात देखभालीचं काम चाललंय. पाइपचा जोड उघडताना एका ऑपरेटरच्या अंगावर विषारी फॉस्जीन उडतो, घाबरून तो तोंडावरचा मास्क ओढून काढतो आणि श्वास घेतो. तो वाचत नाही. मास्क त्याने स्वतः काढला, ही त्याची चूक ठरते. जानेवारी १९८२ मध्ये फॉस्जीन पुन्हा गळतो आणि चोवीस कामगार इस्पितळात जातात. मे महिन्यात कंपनीचं अमेरिकेहून आलेलं पथक धोक्यांची लांबलचक यादी करतं. कामगार संघटना भिंतींवर पत्रकं लावतात. राजकुमार केसवानी हा तरुण पत्रकार आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करत राहतो. डिसेंबर १९८२ मध्ये विधानसभेत प्रश्न येतो. मजूरमंत्री सांगतात की धोका नाही, आणि पंचवीस कोटींचा कारखाना म्हणजे इथून उचलून तिथे ठेवण्याजोगा दगड नव्हे.

आता सरकारी कारखाना निरीक्षकांच्या भोपाळच्या कचेरीत या. निरीक्षक दोन. दोघेही यंत्र अभियंते. शहरापरिसरातले कितीतरी कारखाने त्यांच्याकडे. पट्टा उघडा आहे का हे त्यांना दारातून कळेल. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं तर काय होतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. कार्बाइडची फाइल इथेच कुठेतरी आहे, तिच्यात एक मृत्यू आहे, चोवीस आजारी कामगार आहेत. एकेका कामगाराचं दुर्दैव म्हणून ती पानं लागत गेली. शहर मरायच्या आधी कारखान्याने आतल्या माणसांच्या अंगावर तीच गोष्ट छोट्या प्रमाणात दाखवून दिली होती, आणि ती वाचणं हेच तर त्या कचेरीचं काम होतं.

त्यानंतर १९८७ ची दुरुस्ती आली. धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण, शेजारच्या वस्तीला माहिती देण्याचं बंधन, आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा कामगाराचा हक्क. डोंबिवलीला हे सगळं कागदावर लागूच होतं. तरी २६ मे २०१६ ला एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ जणांचे जीव गेले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला त्याच फेज दोनमध्ये अमुदान केमिकल्सचा रिअ‍ॅक्टर फुटला आणि पुन्हा डझनाच्या घरात माणसं गेली. काचा फुटतात तेव्हा मंत्री येतात, समिती बसते. एका खात्यात एक बोट तुटतं तेव्हा बाहेर काहीच हलत नाही.

चला, शेवटचा मुक्काम. चाकणजवळची एक शेड, आजचा दिवस, दुसरी पाळी. मोटारीचे छोटे सुटे भाग इथे पॉवर प्रेसवर ठोकले जातात. हेल्पर पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, रॅम खाली येतो, तुकडा काढतो, पुढचा ठेवतो. नीट पाहा, कारण ताडदेवपासून शिकलेलं सगळं इथे कामाला येणार आहे. प्रेसला सेन्सर आहे; हात आत असताना रॅम खाली येऊ नये म्हणून. त्याच्यावर चिकटपट्टी लावलेली आहे. रॅम चालवायला दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. त्यातल्या एकात पाचर मारली आहे. एका हाताने बटण, दुसऱ्याने माल, तासाला नग जास्त.

प्रेसवरचा मुलगा नांदेडकडचा आहे. एकोणीस-वीस वर्षांचा. ठेकेदाराचा माणूस. त्याच्या शेजारी काम करणाऱ्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, आणि तो त्याच प्रेसवर परत आलेला आहे. आजच्या तक्त्यात अंगठ्याला ३०, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२ लिहिलेलं आहे. पण तक्ता उघडायचा तर आधी हजेरीपत्रकावर नाव लागतं. या उद्योगात कितीतरी कामगारांचं विमा कार्ड अपघात झाला त्याच दिवशी निघतं, त्या आधी ते कुणाच्याच दप्तरी नसतात.

माणसं मोजा. पहिल्या कायद्याच्या दारावर मोजली होती तशीच. खात्यात एकतीस. मस्टरवर सतरा. १०० चे ५० झाले, ५० चे २०, २० चे १०. एकेका पायरीला दशकं लागली, सभा लागल्या, माणसं लागली. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, जी २०२० मध्ये मंजूर होऊन नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, विजेवर चालणाऱ्या कारखान्याचा उंबरठा १० वरून पुन्हा २० वर नेला आहे. त्या संहितेत चांगलंही आहे: वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, नेमणूकपत्र, अपघाताबद्दल झालेल्या दंडातला निदान अर्धा भाग पीडिताला देववण्याची न्यायालयाला मुभा, अतिधोक्याच्या कामांना संख्येची अट न लावता कायदा लावण्याचा सरकारचा अधिकार. हे मी नाकारत नाही. पण सतरा नावांच्या या शेडला उंबरठा उंच झाल्याचा फायदा आहे, आणि प्रेसच्या रॅमला खात्यात किती माणसं आहेत याच्याशी काही देणंघेणं नाही. तपासणीला कुठे जायचं हेही आता संगणक ठरवतो. कागदावर छोटी आणि बिनधोक दिसणारी शेड त्याच्या यादीत वर कशी येणार?

‘‘कोण आपण? कुणाला भेटायचंय?’’

सुपरवायझर तुमच्याशी बोलतोय. दचकू नका. मागचा काळ संपला, इथे तुम्ही दिसता. प्रेसवरचा मुलगाही क्षणभर वर बघतो आणि लगेच डायकडे वळतो. सेन्सरवरची पट्टी दाखवून विचारा, ही कुणी लावली. तो म्हणेल, आधीपासूनच आहे. म्हणेल, सेन्सर मधेच बंद पाडतो, लॉट संध्याकाळी जायचाय, पोरांना सवय आहे. वाद घालत बसू नका. प्रेसवरचा नंबर पाहून ठेवा. एकतीस आणि सतरा हे दोन आकडे लक्षात ठेवा, पाचर कोणत्या बटणात आहे तेही.

बाहेर आल्यावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुण्यातल्या कचेरीला लिहा. आजची तारीख, पाळीची वेळ, शेडचा प्लॉट, प्रेसचा नंबर. तक्रार कुणी केली हे उघड न करण्याचं बंधन निरीक्षकावर १९८७ च्या दुरुस्तीपासून आलेलं आहे, तेव्हा तुमचं नाव घालायला हरकत नाही. त्या मुलाचं घालू नका. प्रेसचा नंबर पुरेसा आहे.